टाचेचं ठिगळ

वाशीच्या शर्यतीत मी दरवर्षी चौथी येते. बक्षिसं पहिल्या तिघींनाच असतात.

म्हणून रोज सकाळी गाडीवाटेवर सराव करते. माझे दीर धनाजीभावजी मोबाइलवर वेळ लावून मोटारसायकलवर मागून येतात. माझ्या उजव्या बुटाच्या टाचेला सायकलच्या टायरचं ठिगळ आहे. एके दिवशी काळ्या मातीत ते ठिगळ उमटलेलं दिसलं. माझ्या मागं नव्हे, पुढं.

"भावजी, पुढं कोण गेलंय?"

"कोन न्हाय. खाली बघू नका वहिनी, पळा."

ठसे ताजे होते, पण ढांग माझ्याहून लांब होती. मी त्यांच्यातच पाय टाकत गेले. भावजींनी मोबाइलवरची माझी वेळ पाहिली, मोबाइल झटकून पुन्हा पाहिली.

"वहिनी, ह्ये बिघडलं का तुमी?"

शर्यतीच्या दिवशीही ठसे होतेच. बाकी साऱ्याजणी पहिल्यांदाच माझ्या मागं होत्या.

तळ्याच्या वळणावर शेवटची फीत दिसली. ठसे मात्र वळले नाहीत.

"वहिनी, फीत इकडं हाय," भावजी ओरडले.

तळं निवांत होतं. पाण्यावर, ढांगेमागून ढांग, माझ्या टाचेचं ठिगळ उमटत चाललं होतं. इतकं देखणं पळणं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझा पाय उचलला गेला.