फ्लेक्सचा गाऊन

"पीपीई किट मागून मागून घसा कोरडा पडला, आणि आमदारसाहेबांनी पाठवलं काय, तर फ्लेक्स!" कोविड वॉर्डातल्या लोंढे सिस्टर करवादल्या. फ्लेक्सवर 'कोविड योद्ध्यांना सलाम' म्हणत साहेब हात जोडून हसत होते.

पण त्यातून पाण्याचा थेंब झिरपत नव्हता. सिस्टरांनी शिंपी गाठून त्याचेच गाऊन शिवून घेतले.

पंधरवड्यात खुद्द साहेबच तापाने फणफणत वॉर्डात दाखल झाले. डोळे उघडतात तो काय, सिस्टर इंजेक्शन घेऊन उभ्या आणि गाऊनवर स्वतःचाच हसरा चेहरा!

"हे काय घातलंय?"

"तुम्हीच दिलेलं. दुसरं आहे काय आमच्याकडे?"

साहेबांनी गहिवरून पीएला फोन लावला. सिस्टरांना वाटलं, चला, किटचं काम झालं.

"अरे, ताबडतोब फोटोग्राफर पाठव!"

सिस्टरांनी सुई बदलून जाडातली लावली.

"साहेब, पालथे व्हा."