सोयरिकीची बियर

पत्रूभाऊंनी पेला नाकाशी नेला, जिभेचं टोक बुडवून पाहिलं आणि तोंड वाकडं करून तो चटईवर ठेवून दिला.

"हे का होय गा? कडूनिंबाचा काढा?"

"बियर हाय मामा," अंकुश म्हणाला. "पुण्याच्या हॉटेलात आमी सोताच बनवतो. हे मी माह्या हातानं काढलो."

"मोहाची काऊन नाई आणली?"

अंकुशचा जीव टांगणीला लागला. पोंभुर्ण्याकडच्या या गावात रीत सरळ होती. मुलाकडच्यांनी आपल्या घरची दारू न्यायची. मुलीच्या बापानं ती प्यायली की सोयरीक ठरली. पेला तसाच राहिला, तर पाहुण्यांनी मुकाट्यानं चपला घालायच्या. विकतची चालत नाही. आणि अंकुशची आई गेल्यापासून त्याच्या घरी भट्टी लागलीच नव्हती. मग ज्याला आपल्या हातचं म्हणता येईल, ते त्यानं बर्फाच्या डब्यात घालून, रेल्वेत रात्रभर मांडीवर ठेवून आणलं होतं. आता ते सगळ्यांच्या देखत चटईवर फसफसत होतं. दारातून पत्रूभाऊंची लेक मोनाली बघत होती. त्याला ती हवी होती, जीव तोडून हवी होती, पण तिच्याकडे मान वर करून पाहायची हिंमत होईना.

सोबत आलेले त्याचे चुलते पोचूकाका कानाशी लागले, "माह्या घरून घे म्हणलो होतो ना! अक्कल गहाण टाकली का बे?"

"जेवणासंगं घेऊन पाहा मामा," अंकुशनं धीर करून म्हटलं. "नुसती कडू लागते. जेवणासंगं बदलते."

जेवणही त्यानंच रांधलं होतं, सकाळपासून सुकरीबाईंच्या, म्हणजे मोनालीच्या आईच्या चुलीवर. हॉटेलात शिकलेलं, मेक्सिको देशाचं. भाजलेल्या मिरच्या, तीळ आणि शेंगदाणे वाटून केलेल्या दाट रश्श्यात गावठी कोंबडा, शिजवून घोटलेला राजमा आणि मक्याच्या पातळ रोट्या. मिरच्या मोनालीनं पाट्यावर वाटून दिल्या, आणि अंकुशनं हॉटेलच्या सवयीनं चांगल्या दोन मुठी घातल्या. हॉटेलातल्या मिरच्या लांबलचक आणि स्वभावानं गरीब. सुकरीबाईंच्या परसातल्या मिरचीचा असा काही लौकिक नव्हता. हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा पत्रूभाऊंनी पहिला घास तोंडात टाकलेला होता.

"मका तर आपल्यासारखाच हाय," ते जरा खुशीत म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

मग त्यांचे डोळे मोठे झाले. कपाळ घामानं डबडबलं. कान लाल झाले.

"पाणी!"

सुकरीबाई दारातच उभ्या होत्या, हातात भरलेला तांब्या. त्यांनी एकदा लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

"अवो, पाणी आण ना!"

"आणतो ना," सुकरीबाई म्हणाल्या. "घास तर गिळा पयले."

पत्रूभाऊंचा हात चटईवर चाचपडला, पेला सापडला आणि अर्धी बियर एका दमात पोटात गेली. पत्रूभाऊ डोळे मिटून बसले. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"प्याले! सोयरे प्याले!" पोचूकाका उठून उभेच राहिले.

"बस खाली," पत्रूभाऊ खेकसले. "हे तर तिखटानं पाजली. हे नाई धरत."

अंकुशचं तोंड एवढंसं झालं. पोचूकाकांची नजर चपलांकडे गेली.

पण पत्रूभाऊंनी ताट काही सरकवलं नाही. रोटीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवून खाल्ला, हुश्श केलं, बियरचा घोट घेतला. पुन्हा रोटी, पुन्हा हुश्श, पुन्हा घोट. घाम पुसत, सुस्कारे टाकत त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. मग रिकामा पेला अंकुशपुढे धरला.

"भर."

अंकुशनं पेला इतका काठोकाठ भरला की फेस ओघळला. या वेळी पत्रूभाऊंनी पेला तोंडाला लावला नाही. खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि मागच्या भिंतीकडे वळून बसले. घरातल्या गेलेल्या माणसांचा वाटा त्या भिंतीशी ठेवत असत, आणि त्यांच्या कानावर घातल्याशिवाय कुठलीही सोयरीक पक्की होत नसे. पत्रूभाऊंनी दोन बोटं पेल्यात बुडवून थेंब जमिनीवर सोडले, ओठातल्या ओठात काही पुटपुटले आणि मधेच थांबले.

"मोनाली," ते म्हणाले, "जरासा रस्सा आण इथी. गेलेल्या बुढ्याइले नुसती कडू लागन."