डावा हात

"दुखलं तर डावा हात वर करा," असं सांगून डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडावर निळं रबर ताणून बसवलं. बाहेर राहिली ती फक्त दाढ. जुन्या रूट कॅनालमध्ये एक नळी साफ करायची राहून गेली होती, तीच आता ठणकत होती. थुंकीचा थेंब जरी लागला तरी आतलं नवं सिमेंट दाताला धरणार नाही, म्हणून हे रबर. बोलणं बंद.

नेमका तेव्हाच मुलगा आत आला. "डॉक्टर, सत्तरीच्या बाईला एवढा खटाटोप कशाला? उपटून टाका ना. आईचं काही म्हणणं नसतं."

नसतं? माझी स्कूटर विकताना त्याने गिऱ्हाइकाला हेच सांगितलं होतं. माझी शिवणाची खोली भाड्याने देतानाही हेच. दोन्ही वेळा मी गप्प बसले. आणि आज बोलायचं होतं, तर तोंडावर रबर!

डॉक्टरीणबाईंनी मशीन थांबवलं. त्या त्याच्याशी काही बोलणार, तेवढ्यात मी डावा हात वर केला.

"दुखतंय का आजी?"

मी नकारार्थी मान हलवली. मग त्याच हाताचं बोट मुलाच्या नाकासमोरून फिरवून दाराकडे रोखलं.

"अगं आई, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय मी!"

बोट तसंच.

"पेशंटचं म्हणणं कळलं ना?" डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "बाहेर बसा."

दार लागेपर्यंत मी हात खाली घेतला नाही. मग खुर्चीत नीट टेकले आणि आ आणखी मोठा वासला.