हार घातलेला नळ

"रेवती, नीट बघ. कुठं थेंबबिंब दिसत नाही ना?" सरपंच बापूआण्णांनी पुन्हा विचारलं.

"आण्णा, नळ ठणठणीत कोरडा आहे. थेंब येणार कुठून?"

तिने चौकातल्या नळाचा फोटो काढून मोबाइलवरून तालुक्याच्या पाणीखात्यातल्या यंत्राला पाठवला. नळांचे फोटो बघून कुठल्या गावाला टँकर सोडायचा, ते आता यंत्रच ठरवायचं. माणसाशी बोलायची सोय नव्हती.

उद्घाटनाला या नळाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पण पाणी आलंच नाही. चारचौघांत शोभा नको म्हणून आण्णांनी रेवतीच्या स्टुडिओत फोटोवर थेंब घालून घेतले. तिनेही जीव ओतला. प्रत्येक थेंबाला एका बाजूने चमक, दुसरीकडे सावली, आणि आत इवलंसं उलटं देऊळ. तोच फोटो वर यंत्राकडे गेला आणि त्याला खरा वाटला. त्याने टँकर बंद केला.

रेवतीची लेक तिच्या खांद्यावर निपचित पडली होती. सकाळपासून तिने पाणी मागणंही सोडलं होतं.

मोबाइल वाजला. आण्णांनी वाचलं, "फोटो बनावट. नळावरचे थेंब पुसलेले आहेत. खरा फोटो पाठवा."

"अहो, हाच खरा आहे!" रेवती किंचाळली. तिने दुसरा काढला, तिसरा काढला. उत्तर तेच.

आण्णांनी हात जोडले. "पोरी, तेव्हा थेंब घातलेस ना? तसंच आता यात कोरडेपण घाल. खरं वाटेल असं."

रेवती नळाकडे बघत राहिली. याहून कोरडा नळ कसा दिसतो, ते तिला सुचेना.