तिसरा चौकोन

पडद्यावर पाच चौकोन होते. चार हिरवे झाले होते, मधला लाल होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'चाकावर घडवताना'. पाचही चौकोन भरल्याशिवाय पान शेवटच्या वर्षाचं काम जमा करून घेत नव्हतं, आणि पाच वाजता ते बंद होणार होतं. सव्वाचार वाजून गेले होते.

"हा फोटो का नाही काढलास?" मातीकामाच्या बाईंनी विचारलं.

"हात बरबटलेले होते, बाई. फोन कशानं धरू?" मुलगी म्हणाली. उंचीमुळे सगळा वर्ग तिला शिडी म्हणायचा.

जिचा फोटो हवा होता ती सुरई समोरच्या फळीवर उभी होती. भाजून, झिलई चढवून तयार. मान आखूड, जरा डावीकडे कललेली. बाईंनी ऑफिसात फोन लावला.

"सुरई माझ्यासमोर आहे. जिना उतरून या आणि बघा."

"मी बघून काय उपयोग, बाई?" कॉम्प्युटर सांभाळणारा म्हणाला. "परीक्षक दुसऱ्या गावात बसलेत. त्यांना सुरई दिसत नाही, पान दिसतं. माझ्या हातात काही नाही."

"माझ्या हातात निदान माती तरी आहे," म्हणत बाईंनी फोन आपटला.

मग त्या शिडीकडे वळल्या. "बस चाकावर. तशीच सुरई पुन्हा काढ. मान वर आली की मी फोटो घेते."

"हे खोटं नाही का, बाई?"

"खोटंच आहे. बस."

शिडीनं चरफडत माती मळली आणि गोळा चाकावर आपटला. हे भांडं कुणी तपासणार नव्हतं, कुठं ठेवलं जाणार नव्हतं. तिचे हात रागारागानं चालू लागले. बाई तिचा फोन धरून उभ्या राहिल्या, आणि बघता बघता हातात फोन आहे हेच विसरल्या. तीन वर्षं त्या हिला सांगत आल्या होत्या, खांदे सैल सोड, मातीशी भांडू नकोस. आज खांदे आपसूक सुटले होते. सुरईचं पोट गोल फुगलं. मान एका दमात वर गेली, लांब, सडपातळ. काठ जरासुद्धा हलला नाही.

चाक थांबलं.

"बाई, ही आली," शिडी हळूच म्हणाली.

"आली खरी."

"हीच देऊ या ना."

"ओली आहे गं. वाळायला आठवडा, मग भट्टी." बाईंनी फळीकडे पाहिलं, मग चाकाकडे. आंधळ्यालाही कळलं असतं, ही ती नव्हे. मागच्या वर्षी एका मुलाचे फोटो असेच जुळले नव्हते. काम दुसऱ्याचं आहे असं ठरवून त्याला वर्षभर घरी बसवलं होतं. घड्याळात पाचला आठ मिनिटं कमी होती. दुसरी सुरई काढायला तेवढा वेळ पुरला नसता.

"मान आखूड कर," बाई म्हणाल्या. "आणि डावीकडे कलव."

शिडीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मी नाही करणार."

बाईंनी बाही वर सारली. तळवा काठावर ठेवून दाबला. मान खाली बसली. मग अंगठ्यानं तिला एक रेटा दिला.

"आता काढ फोटो."

शिडीनं हात पुसले, फोन घेतला, फोटो काढून चढवला. लाल चौकोन हिरवा झाला आणि त्याच्याखाली नेहमीचा प्रश्न उघडला. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"या टप्प्यावर आपण काय शिकलात? वीस शब्दांत लिहा."

तिनं वर पाहिलं. "बाई, काय लिहू?"

बाई पाठमोऱ्या उभ्या राहून हात धूत होत्या. त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.