सोनगीरचा दगड

साक्षी पुण्याच्या गाडीतून उतरली ती थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली. सोनगीरला आकाशातून पडलेला काळा दगड टेबलावर टॉवेलवर ठेवलेला होता. ओला.

"आता बघ कसा दिसतोय," विभागप्रमुख ललित सर म्हणाले. "नुसता मळकट होता. अकराला पाहुणे येताहेत. काल दुपारी साबणाच्या पाण्यात भिजत घातला, सकाळी मी स्वतः ब्रशनं घासला."

"दगडाच्या बरणीवर लिहिलं होतं, सर. लाल अक्षरांत. पाणी लावू नये."

"अगं, तू त्याच्यात पाणीच शोधतेस ना? मग पाण्यानं काय बिघडतं?"

साक्षीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"तिकडचं पाणी, सर. लघुग्रहावरचं. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाचं. ते या दगडात मुरलं, त्यातली खनिजं बदलली आणि आटताना क्षार मागे ठेवून गेलं. मी भिंगाखाली ते पांढरे कण पाहिले होते. तेच तपासायला पुण्यात यंत्राची वेळ मागून आले. ते तुम्ही विरघळवून बेसिनमध्ये ओतलेत."

"आत थोडे राहिले असतील की."

"आत पाणी मुरलंय. आता त्यातलं तिकडचं कुठलं आणि आपल्या टाकीतलं कुठलं, कसं ओळखू?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "आवाज कमी कर. प्रदर्शनाच्या पाटीवर पहिलं नाव तुझंच टाकलंय."

अकराला सभागृह भरलं. दगड काचेच्या पेटीत चकाकत होता. ज्यांच्या गोठ्याचा पत्रा फोडून तो पडला, त्या द्रौपदाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना शाल पांघरून झाली. मग पाहुण्यांनी साक्षीला हसत विचारलं, "काय मॅडम, सापडलं का पाणी?"

सरांनी तिला 'हो म्हण' अशी मानेनं खूण केली.

"सापडलं," साक्षी माइकवर म्हणाली. "आपल्या कॉलेजच्या नळाचं."

लोक हसले. साक्षी हसली नाही. दगड कुणी भिजवला, किती वेळ, कशासाठी, सगळं तिनं सांगितलं. मागचा हशा हळूहळू थांबला. सरांनी पुढे होऊन तिच्या हातातून माइक घेतला, तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात आली.

मागून द्रौपदाबाई आल्या. त्यांच्या मुठीत फडक्याची पुरचुंडी होती. त्यांनी ती सोडली. आत सुपारीएवढा काळा तुकडा होता. गोठ्यात चारा हलवताना गेल्या आठवड्यात मिळालेला. साक्षीला द्यायला आणलेला.

"बाई, तू म्हने, पानी लागू देऊ नको. मी हात कोरडा करीसन उचला." त्या थांबल्या. "आनि त्यास्नी भिजाडी टाका?"

"हो, अक्का."

"तू कोठे व्हती?"

"पुण्याला," साक्षी म्हणाली. दगड ठेवलेल्या कपाटाची किल्ली तिनंच जाताना सरांकडे दिली होती. ते तिला सांगवेना. तिचा हात तुकड्याकडे निघाला होता, तो तिनं अर्ध्यावरून मागे घेतला.

द्रौपदाबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि फडक्याला पुन्हा गाठ मारली. पुरचुंडी कमरेला खोचली. मग खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी केली आणि साक्षीच्या हातात दिली.

"हाई त्यास्ले दे," त्या सभागृहाकडे मान करून म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. "धुईसन वापरतीन."