चकल्यांचा पत्ता

राइट टाउन मोहल्ल्यातल्या वडिलोपार्जित घराच्या गच्चीवर हक्क कुणाचा, यावरून नरहरने टोरांटोत राहणाऱ्या धाकट्या भावावर, शशिकांतवर, दावा ठोकला होता. पण कोर्टाचं समन्स 'पत्ता सापडला नाही' असा शेरा घेऊन तीनदा परत आलं, आणि वकीलसाहेब दर वेळी नुसतं "चलो, अगली तारीख" म्हणून मोकळे होत.

"काहून नाही सापडत जी?" नरहरची बायको कुमुद वैतागली. "माझ्या चकल्या तर दर दिवाळीला त्याच पत्त्यावर बरोबर पोचून राहिल्या!"

नरहरची ट्यूब पेटली. शेजारची मैथिली शिकायला टोरांटोला निघाली, तेव्हा तिच्याजवळ दिलेल्या फराळाच्या डब्यात त्याने चकल्यांखाली समन्सची प्रत सारून दिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मैथिली तोच डबा घेऊन परत आली. शशिकांतने सही करून पोच धाडली असणार, म्हणून नरहरने मोठ्या ऐटीत झाकण उघडलं.



दुसऱ्याचा डबा कधी रिकामा परत करू नये, ही सासूबाईंची शिकवण शशिकांतच्या बायकोने परदेशातही सोडली नव्हती. आत चॉकलेटांखाली टोरांटोच्या कोर्टाचं समन्स होतं, नरहरच्या नावाचं.